चंद्रावर जाणारं रॉकेट तळापर्यंत नेलं कशानं?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी नकारच दिला होता. आपल्या १९७१च्या मॅट्रिकच्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, परदेशी स्थायिक झालेले आहेत. मी आयुष्यभर ट्रान्सपोर्टच्या धंद्यात राहिलो, तेही अवजड मालाच्या. आमच्या धंद्यात त्याला ओडीसी म्हणतात, म्हणजे नेहमीच्या ट्रकच्या मापात न बसणारा माल. साखर कारखान्याचे बॉयलर ड्रम, वीज केंद्रांचे ट्रान्सफॉर्मर, असल्या वस्तू एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवायच्या. यात लिहिण्यासारखं काय असणार? पण मग आठवलं की वर्गाला एक उत्तर देणं माझ्याकडे बाकी आहे. चोपन्न-पंचावन्न वर्षांपूर्वीचं.

२१ जुलै १९६९, सोमवार. आपण दहावी ब मध्ये होतो. आदल्या रात्री दोनच्या सुमाराला माणूस चंद्रावर उतरला होता, आणि आपण दप्तरं आवरत होतो त्या वेळी, सकाळी साडेआठच्या आसपास, नील आर्मस्ट्राँगनं चंद्राच्या मातीवर पाऊल ठेवलं होतं. त्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर सॅटर्न-५ रॉकेटचं चित्र काढलं. फळा पुरेना, म्हणून ते आडवं काढलं. उंची ३६३ फूट, म्हणजे सुमारे ११० मीटर. सर म्हणाले, "काही शंका?"

शेवटच्या बाकावरून आपला एक मित्र उठला. तो कधी बोलायचा नाही. त्याचे वडील हंगामात बैलगाडीनं कारखान्यावर ऊस ओढायचे, आणि तोही सुट्टीत गाडीवर असायचा. त्यानं विचारलं, "सर, एवढं मोठं रॉकेट कारखान्यातून तिथवर नेलं कशानं?"

कुणीतरी ओरडलं, "बैलगाडीनं!" सगळा वर्ग हसला.

ओरडणारा मी होतो. हे आज लिहून ठेवतो.

सर हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे आणि उत्तर मला माहीत नाही. ज्याला सापडेल त्यानं वर्गाला सांगायचं." घंटा झाली, आणि तो विषय तिथेच राहिला. तो मित्र दहावीनंतर शाळेत आला नाही. मला उत्तर सापडलं ते पुढे धंद्यात पडल्यावर, थोडं थोडं करून. आणि कळलं की त्या दिवशी वर्गात विचारला गेलेला सर्वांत पक्का प्रश्न तोच होता. ज्यांनी ते रॉकेट बांधलं त्यांनाही तो आधी सोडवावा लागला होता.

आधी माप सांगतो, म्हणजे अडचण कळेल. सॅटर्न-५ तीन टप्प्यांचं होतं. सर्वांत खालचा टप्पा ४२ मीटर लांब आणि १० मीटर व्यासाचा. चार एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या की जवळपास तेवढी लांबी होते. पण लांबीची खरी अडचण नाही, लांब माल वळणं सांभाळून नेता येतो. अडचण व्यासाची. आडवा ठेवला तरी तो टप्पा तीन मजली घराएवढा उंच आणि तेवढाच रुंद. इंधन न भरता, नुसता रिकामा, त्याचं वजन १३० टनांच्या घरात. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावर पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात. अमेरिकेतही रस्त्यावरचे पूल, विजेच्या तारा, रेल्वेचे बोगदे यांतून १० मीटरची वस्तू जाणं शक्यच नव्हतं. मी एकदा एका गावच्या वेशीच्या कमानीखाली बॉयलर ड्रम घेऊन अडकलो होतो. चार इंच कमी पडत होते. चाकांची हवा कमी करून काढला. चार इंचांवर ते चालतं, चार मीटरवर नाही.

रॉकेटवाल्यांना हा धडा फार आधी मिळाला होता. सॅटर्नचा मुख्य शिल्पकार वेर्नर फॉन ब्राऊन हा मूळचा जर्मन. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या तुकडीनं जर्मन सैन्यासाठी व्ही-२ रॉकेट बनवलं. लंडन आणि अँटवर्पवर माणसं मारणारं, आणि बनवताना गुलाम कैद्यांचेही प्राण घेणारं ते शस्त्र. त्याचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण त्याचं माप कसं ठरलं ते पाहण्यासारखं आहे. रॉकेट रेल्वेनं नेता आलं पाहिजे, पंखांसकट बोगद्यातून पार झालं पाहिजे, ही अट आधीच घातलेली होती. म्हणजे रॉकेट केवढं असावं हे नुसत्या गणितानं ठरलं नाही, बोगद्यानंही ठरवलं.

युद्धानंतर ही मंडळी अमेरिकेत आली आणि पुढे अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल गावी स्थिरावली. उड्डाणाचा तळ फ्लोरिडात, केप कॅनाव्हेरलला. नकाशावर सरळ रेष ओढली तर मधलं अंतर जेमतेम ९०० किलोमीटर. छोटी रॉकेटं रस्त्यानं, विमानानं जात होती. पण १९६० नंतर सॅटर्न-१ तयार होऊ लागलं. त्याचा पहिला टप्पा सहा मीटरहून जास्त व्यासाचा, आणि तो रस्त्यानं नेण्याची सोय नव्हती. उपाय एकच होता, गावाजवळून वाहणारी टेनेसी नदी.

गोव्यात मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्ज ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र लगेच कळेल. सपाट तळाची लांबलचक नाव, पुढेमागे टग, आणि सावकाश प्रवास. 'पॅलेमॉन' नावाची बार्ज या कामासाठी तयार केली गेली. पण नदी आपल्या सोयीनं वाहत नाही. तळ दक्षिणेला आणि टेनेसी नदी पश्चिमेला जाऊन मग वळते ती उत्तरेला. पुण्याहून गोव्याला जायचं आणि आधी नागपूरची वाट धरायची, असा प्रकार. टेनेसीतून उत्तरेला ओहायो नदीत, ओहायोतून मिसिसिपीत, मिसिसिपीतून दक्षिणेला थेट न्यू ऑर्लिन्स, तिथून मेक्सिकोचं आखात, फ्लोरिडाच्या टोकाला वळसा आणि मग केप. ९०० किलोमीटरवरच्या गावाला जायला सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा जलप्रवास.

२५ मे १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकी संसदेपुढे जाहीर केलं, की हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचा. त्यानंतर आठच दिवसांनी, २ जूनला, हंट्सव्हिलच्या खालच्या अंगाला असलेल्या व्हीलर धरणाचं लॉक कोसळलं. लॉक म्हणजे धरणाच्या बाजूला बांधलेला, दोन्हीकडे दारं असलेला मोठा हौद. त्यातलं पाणी वरखाली करून नावा धरणाच्या वरून खाली आणि खालून वर नेतात. तेच कोसळल्यावर नदीची वाट बंद. पॅलेमॉन धरणाच्या वरच्या बाजूला अडकली. पहिलं सॅटर्न तयार होत आलेलं आणि जायला रस्ता नाही. चंद्र पावणेचार लाख किलोमीटर लांब, आणि अडचण आली ती गावाजवळच्या धरणावर.

तेव्हा त्यांनी जे केलं ते आमच्या धंद्यातला कुठलाही जुना माणूस करील तेच. धरणाच्या खाली तात्पुरता धक्का उभा केला. नौदलाची एक जुनी बार्ज मिळवून तिच्यात फेरफार केले. तिचं नाव ठेवलं 'कॉम्प्रमाइज', म्हणजे तडजोड! ऑगस्टमध्ये रॉकेटचा टप्पा पॅलेमॉनवरून धरणापर्यंत आणला, चाकांच्या गाडीवर घेऊन जमिनीवरून धरणाला वळसा घातला, आणि खाली थांबलेल्या तडजोडीवर चढवला. पुढच्या प्रवासात चुकीच्या नकाशांमुळे ही बार्ज चार वेळा गाळात रुतली. तरीही १५ ऑगस्ट १९६१ ला माल तळावर पोचला. परतीच्या वाटेवर ती बार्ज एका पुलाला धडकली, पण तेव्हा पोटात रॉकेट नव्हतं. २७ ऑक्टोबरला ते पहिलं सॅटर्न उडालं आणि पहिल्याच प्रयत्नात यशस्वी झालं. उड्डाणाची बातमी जगभर छापून आली. धरणाला वळसा घालणाऱ्यांची कुणाला आठवण असणार?

ज्यांना ठेवायची होती त्यांनी मात्र धडा लक्षात ठेवला. सॅटर्न-५ याहून कितीतरी मोठं होणार होतं. म्हणून १९६१च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत अमेरिकेच्या अवकाश संस्थेनं, म्हणजे नासानं, ज्या जागा निवडल्या त्या नकाशावर पाहिल्या तर एक गोष्ट चटकन दिसते. सगळ्या पाण्याला लागून आहेत. उड्डाणासाठी फ्लोरिडातलं मेरिट बेट. पहिला टप्पा बांधण्यासाठी न्यू ऑर्लिन्सजवळचा मिशू कारखाना. चाचणीसाठी शेजारच्या मिसिसिपी राज्यात पर्ल नदीच्या काठची जागा. जमिनीची किंमत, हवामान, माणसं हे सगळं पाहिलंच. पण बार्ज दारापर्यंत येते का, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. आपल्या मित्राचा प्रश्न तो हाच.

मिशूचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेला. एका छपराखाली १७ हेक्टर जागा. बाहेर पडलं की किनाऱ्याला समांतर जाणारा कालवा. त्याही आधी ती जागा उसाच्या मळ्याची होती. तिथल्या जुन्या साखर कारखान्याची विटांची दोन धुराडी रॉकेटच्या कारखान्याच्या आवारात आजही उभी आहेत. ज्या जमिनीवरून ऊस ओढला गेला, त्याच जमिनीवरून चंद्राच्या रॉकेटचा सर्वांत जड टप्पा ओढला गेला. रणगाडे ओढण्यासाठी बनवलेला लष्करी ट्रॅक्टर तो कारखान्याच्या दारातून बाहेर काढी आणि थेट बार्जवर चढवी. मध्ये एकही पूल नाही, एकही तार नाही.

चाचणीच्या जागेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. या टप्प्याची पाच इंजिनं जमिनीला जखडून पेटवायची म्हणजे मैलोन् मैल दणका बसणार. म्हणून आजूबाजूला वस्ती नको. ती उठवली गेली. गेन्सव्हिल, लॉगटाउन, सँटा रोझा, नेपोलियन आणि वेस्टोनिया ही पाच लहान गावं, ६६० कुटुंबं. पाडलेल्या किंवा हलवलेल्या वास्तूंची नोंद आहे, ७८६ घरं, १६ चर्च, १९ दुकानं आणि तीन शाळा. धरणाखाली गेलेली गावं आपल्यापैकी काहींच्या घरातली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या तीन शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळावा भरवायचा ठरवला तर कुठे भरवायचा? चंद्रावरच्या पावलाच्या हिशोबात या तीन शाळाही धरल्या पाहिजेत.

तिथे बारा किलोमीटरचे कालवे खणले गेले. मिशूहून टप्पा बार्जनं निघे, सुमारे ७० किलोमीटरचा जलमार्ग कापून चाचणीच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी लागे. तिथे उभा करून पूर्ण टप्पा पेटवून पाहायचा. मग परत मिशूला तपासणीसाठी, आणि त्यानंतर आखातातून फ्लोरिडाला वळसा घालून तळावर. तळावरही कालवा थेट जुळणीच्या इमारतीजवळ आणलेला.

हा झाला पहिला टप्पा. दुसरा टप्पाही १० मीटर व्यासाचाच, पण तो बनत होता देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सील बीचला. त्याला मधला खंड ओलांडता येत नव्हता. म्हणून 'पॉइंट बॅरो' नावाचं जहाज तो घेऊन पॅसिफिकमधून दक्षिणेला जाई, पनामा कालव्यातून इकडे येई, मिसिसिपीला चाचणीसाठी उतरवी आणि मग तळावर पोचवी. एका देशातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यासाठी दुसऱ्या देशातला कालवा!

तिसरा टप्पा साडेसहा मीटर व्यासाचा. तोही कॅलिफोर्नियातलाच, हंटिंग्टन बीचचा. त्याच्यासाठी जॅक कॉनरॉय नावाच्या एका वैमानिकानं वेगळीच वाट काढली. प्रवासी कंपन्यांनी मोडीत काढायला घेतलेली बोइंगची स्ट्रॅटोक्रूझर विमानं त्यानं घेतली, आणि वरून फुगवून त्यांच्या पाठीवर प्रचंड घुमट बसवला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. हे उडणारच नाही, म्हणाले. सप्टेंबर १९६२ मध्ये ते उडालं. पोट फुगलेल्या माशासारखं दिसायचं, म्हणून त्याचं नाव पडलं 'गप्पी', आणि पुढच्या मोठ्या विमानाचं 'सुपर गप्पी'. जहाजानं जिथे तीन-तीन आठवडे लागत, तिथे काम तासांवर आलं.

आपण वर्गात ऐकलेल्या अपोलो-११ चे तिन्ही टप्पे असे तीन वाटांनी १९६९च्या जानेवारी-फेब्रुवारीत तळावर जमले. तिसरा हवेतून, दुसरा आणि पहिला पाण्यातून. १६० मीटर उंचीच्या इमारतीत ते एकावर एक चढवले गेले. राहिला शेवटचा प्रवास, इमारतीपासून उड्डाणाच्या ओट्यापर्यंतचा साडेपाच किलोमीटरचा. पण आता रॉकेट उभं होतं. आधी तेही बार्जवर उभं करून कालव्यातून न्यावं असा विचार झाला होता. लहान प्रतिकृतीवर प्रयोग केले तेव्हा बार्ज स्थिर राहीना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की केंटकीतल्या कोळशाच्या खाणीत प्रचंड यांत्रिक फावडी स्वतःला समतोल ठेवत हळूहळू सरकतात. त्यावरून ओहायोतल्या फावडी बनवणाऱ्या कंपनीकडून पट्ट्यांवर चालणारी गाडी बनवून घेतली. तिचं स्वतःचं वजन २,७०० टन. पाठीवर रॉकेट घेऊन ताशी दीड किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याहूनही हळू. रस्ताही साधा नव्हे, खाली खडीचे थर आणि वर नदीतले गोटे पसरलेले, म्हणजे पट्ट्याखाली ठिणगी पडू नये आणि भार सरकून जावा. ओट्याचा चढ चढताना गाडी मागून उचलून धरायची, की रॉकेट ताठ राहावं. २० मे १९६९ ला अपोलो-११ असं चालत ओट्यावर गेलं. पुढे त्यानं ताशी ३९ हजार किलोमीटरचा वेग गाठला.

वाहतूक ही निव्वळ हमाली आहे, शास्त्रज्ञांचं काम झाल्यावर उरलेली, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी त्याच वर्षीची सोव्हिएत रशियाची गोष्ट पाहावी. त्यांचंही चंद्रावर जाणारं रॉकेट तयार होतं. नाव एन-१. पहिल्या टप्प्याचा तळाशी व्यास १७ मीटर, इंजिनं ३०. त्यांचा कारखाना व्होल्गेच्या काठी कुइबिशेव्ह शहरात आणि उड्डाणाचा तळ कझाकस्तानच्या गवताळ माळावर, बैकोनूरला. मधे पाण्याची वाट नाही, आहे ती रेल्वे. त्यामुळे टाक्यांचे तुकडे रेल्वेनं आणायचे आणि तळावरच कारखाना थाटून जोडायचे. पूर्ण टप्पा जमिनीला बांधून पेटवून पाहण्याचा मनोराही बांधला गेला नाही. तो टप्पा पहिल्यांदा अख्खा पेटला तो थेट उड्डाणात, फेब्रुवारी १९६९ मध्ये, आणि ते उड्डाण फसलं. ३ जुलैला दुसरं रॉकेट ओट्यावरच कोसळलं आणि ओटा उद्ध्वस्त झाला. पुढची दोन उड्डाणंही अपयशी ठरली. याचं एकच कारण सांगणं चूक होईल. पैसा कमी होता, आपसांत भांडणं होती, मुख्य रचनाकार कोरोल्येव्ह १९६६ मध्येच वारला होता. पण एकाकडे टप्पा अख्खा नेता येत होता, म्हणून अख्खा तपासता येत होता, आणि दुसऱ्याकडे नाही, हा फरक लहान नव्हता.

अमेरिकेलाही हा धडा पुढे एकदा फार महाग पडला. स्पेस शटलची घन इंधनाची रॉकेटं युटा राज्यात भरली जात आणि रेल्वेनं फ्लोरिडाला जात. रेल्वेवर मावावीत म्हणून ती तुकड्यांत बनवलेली, तळावर जोडायची. २८ जानेवारी १९८६ च्या थंडीत अशाच एका सांध्याचं रबरी कडं निकामी झालं आणि चॅलेंजरमधले सात जण गेले. थंडीत उड्डाण करू नका असं सांगणाऱ्या अभियंत्यांचं ऐकलं गेलं नव्हतं, हा दोष मोठा. पण तो सांधा तिथे होता तो वाटेच्या मापामुळे. माल तुकड्यांत नेला की सोपं होतं हे खरं. मात्र प्रत्येक सांधा पुढे कुणाला तरी सांभाळावा लागतो.

आता आपल्याकडे येतो. थुंबा इथे सायकलवरून रॉकेटचं टोक नेणाऱ्या माणसाचं छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलंय. ते १९६६ साली हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं टिपलेलं. दुसरं छायाचित्र १९८१चं, 'ॲपल' हा भारताचा दळणवळण उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला. पुष्कळ जण ते पाहून म्हणतात, किती गरिबी होती आपली! पण ते कारण नव्हतं. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या जागेत घ्यायची होती आणि आजूबाजूला लोखंड असलं तर लहरींचं मोजमाप बिघडतं. लाकडी गाडी हीच त्या कामाला सर्वांत योग्य. ट्रक चालला नसता. हे जेव्हा मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. दहावी ब मध्ये मी टवाळी म्हणून जे ओरडलो होतो ते बारा वर्षांनी आपल्याच देशात शास्त्रज्ञांनी विचार करून केलं होतं.

आणि आपल्या पुणे जिल्ह्याचंच उदाहरण. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आपल्याला माहीत आहे ते साखर कारखान्यामुळे. तिथल्याच अवजड यंत्रांच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरींची पोलादी कवचं बनतात. चांद्रयान-३ ज्या रॉकेटनं गेलं त्याच्या बाजूच्या दोन मोटरी ३.२ मीटर व्यासाच्या, आणि त्यांच्या बांधणीत या कारखान्याचा वाटा आहे. हे माप रस्त्याच्या आवाक्यातलं आहे. कवचं रिकामी जातात आणि इंधन तिकडे श्रीहरिकोट्याला भरलं जातं, हाही वाहतुकीच्या दृष्टीनं शहाणपणाचाच निर्णय. मिशूच्या साखरेच्या धुराड्यांची गोष्ट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा वालचंदनगरच आठवलं.

तर, सर, हे उत्तर. नदीनं, समुद्रानं, पनामाच्या कालव्यानं, फुगवलेल्या विमानानं, आणि शेवटचे साडेपाच किलोमीटर माणसाच्या चालीहून हळू चालणाऱ्या गाडीनं. आणि ज्याला वाहून नेण्याची वाट नव्हती ते रॉकेट चंद्रावर पोचलं नाही.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी त्या मित्राचा नंबर मिळवला. तो गावीच असतो. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर घेतला, कितीतरी हंगाम ऊस ओढला. मी त्याला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहितोय. त्याला प्रश्न आठवत नव्हता. थोडं थांबून म्हणाला, "बैलगाडी म्हणून ओरडलेला तूच ना?" मी म्हटलं, "हो, मीच." मग त्याला ॲपलची गोष्ट सांगितली. बैलगाडी मुद्दाम वापरली, हे ऐकून तो म्हणाला, "मग तुझं उत्तर बरोबरच होतं की." आणि हसला. मला हसता आलं नाही. मी उशिरा का होईना माफी मागितली. त्यानं ती मनावर घेतली की नाही, मला सांगता येणार नाही.

संपादक मंडळाला एक विनंती आहे. स्मरणिकेच्या शेवटी बॅचची जी यादी छापायची आहे ती मॅट्रिकच्या निकालावरून केलेली आहे. त्यामुळे तो तिच्यात नाही. त्याच्यासारखे आणखी दहा-बारा जण तरी असतील, मुलींमध्ये तर जास्तच. हजेरीपटावरून यादी करावी. आपल्या वर्गात कोण होतं हे निकालानं नाही, हजेरीनं ठरतं.

मेळाव्याला तो येणार आहे. सकाळच्या एसटीनं. स्टँडवर घ्यायला मी जातोय.